सारंगखेड्याला, तिघी

दत्तजयंतीनंतरचा तिसरा दिवस.
तापीवरून आलेला गारठा दहा वाजले तरी
माझ्या चाकांच्या कड्यांत बसलेला,
तळहात लावला की डसतो.

मोगी वळवी, तळोद्याची,
धुळ्याच्या वसतिगृहात माझ्या शेजारच्या खाटेवर असायची.
ती चालते कळणीच्या डोळ्यांनी.
कळणी म्हणजे तिची कुत्री,
कळण्याच्या भाकरीसारखी करडी, काळे कण उठलेली,
अस्सल गावठी. मोगीनंच दोन वर्षं शिकवली
एसटी स्टँडवर, भाजीबाजारात, लग्नाच्या मांडवांत.
पट्ट्याला जुन्या दप्तराची मूठ शिवलेली.

रस्ता म्हणजे घोट्याएवढा फुफाटा.
पुढची लहान चाकं त्यात नाक खुपसतात,
मग मी मागे झुकून ती उचलते,
मोगी एका हातानं मला ढकलते, दुसऱ्या हातात कळणी,
आणि अशा आम्ही सरकतो
एकच लांबडं जनावर असल्यासारख्या.

मला जत्रा दिसते कमरेच्या उंचीवरून.
पट्ट्यांची बक्कलं, पिशव्या,
कुणाच्या मुठीतली अर्धी जिलबी,
घोड्यांची पोटं, पोटं, पोटं.
लोक वाट देतात, नाही असं नाही,
पण विचारतात आमच्या डोक्यावरून,
यांच्यासोबत कोण आहे?
आमच्यासोबत आम्ही.

एका व्यापाऱ्यानं मात्र नीट पाहिलं.
वाकून आरे मोजले, चाक फिरवून आवाज ऐकला,
घोडीचा जबडा उघडावा तसा ब्रेक ओढला.
"कितलाले दिशी?"
मी म्हटलं, आधी दात तर मोजा.
त्यानं वर माझ्या हसण्याकडे बघितलं:
"दात तं चांगला शेतस."

मग रिंगण. आत घोड्यांचा नाच.
दारावर शिट्टीवाला पोरगा, दंडाला पट्टी:
"जनावर आत नाही."
आत वीसेक जनावरं घुंगरू बांधून नाचत होती.
ऐकू येतंय मला, मोगी म्हणाली.
"ते घोडे आहेत, ताई. हे कुत्रं."
मोगीनं ओळखपत्र काढलं. ते तिचं होतं,
कळणीचं नव्हतं.
आणि गाडी? "गाडी बाहेर ठेवा,
उचलून नेतो ना तुम्हाला, चार जण आहोत."

ते चार जण मला ठाऊक आहेत.
प्रत्येक देवळात, प्रत्येक मतदानाला भेटतात.
मनानं चांगले असतात.
पण मी आजवर पुष्कळ उचलली गेले आहे.

आम्ही वळलो.
वळायलाही पंधरा माणसं आणि एक फुगेवाला हलवावा लागला.

बाजाराच्या टोकाला, ट्रक लागतात तिथे,
कळणी थांबली, मोगीच्या गुडघ्याला अंग टेकलं.
म्हणजे पुढे चढ.
मातीचा धक्का, चोपून चोपून केलेला, वर चिपाडं अंथरलेली,
इतका अलगद
की ट्रकमधून उतरताना घोडीचा पाय मुरगळू नये.
दोन लाखांचा पाय.
अख्ख्या जत्रेत उतार एवढाच.

चढले. मोगीनं जेमतेम बोट लावलं असेल.

वरून टोप्या, फेटे, भांगातलं कुंकू,
एका टकलावर पडलेलं ऊन,
पलीकडे तापी,
आणि रिंगणात पांढरी घोडी मागच्या दोन पायांवर.
मी मोगीला सांगत गेले.
तिनं मला सांगितलं,
कुणाचा तरी एक नाल सैल आहे, आवाज खोटा येतोय.

मग पावतीबुक घेऊन एक मुलगा आला.
धक्का वापरला, नगाला वीस रुपये.
नग किती?
त्यानं माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे, मोगीकडे, कळणीकडे.
पावतीवर छापलेलं: रंग. खूण. चढताना. उतरताना.
कानामागची पेन्सिल काढून तो नुसता उभा.

लिही रे भाऊ, मोगी म्हणाली, एक नग.
रंग करडा, काळे कण.
पाय मोजत बसू नको.

पावती अजून माझ्या पर्समध्ये आहे.
"चढताना"वर खूण केली आहे,
"उतरताना" कोरं.